डिस्चार्जच्या दुपारी

“राहू दे रे, जीव वाचला ना,” बिलाच्या खिडकीशी उभे असलेले गृहस्थ मुलाला म्हणाले. मुलाचं बोट तिसऱ्या पानावरच्या एका ओळीवर होतं. ओळ होती ‘अ‍ॅडमिशन किट’. त्यात नेमकं काय होतं, असं तो आतल्या मुलीला विचारत होता. तिनं स्क्रीनवरची नजर न हलवता सांगितलं, ब्रश, पेस्ट, साबण, कंगवा, चपला. वडिलांच्या उजव्या मनगटावर, जिथून हृदयाच्या अँजिओप्लास्टीची नळी आत गेली होती, तिथं जांभळा डाग पसरला होता. डोक्यावर केस जवळजवळ नव्हतेच. मुलानं एकदा त्या डोक्याकडे पाहिलं, एकदा कंगव्याकडे, म्हणजे त्या ओळीकडे, आणि कार्ड पुढे केलं. रक्कम किरकोळ होती. तरी ‘जीव वाचला ना’ हे वाक्य मनात घर करून बसलं, कारण मोठ्या बिलांच्या तळाशी नेहमी तेच वाक्य असतं.

बिल तयार होतं भीतीच्या काळात आणि वाचलं जातं सुटकेच्या काळात. दोन्ही वेळा माणूस हिशेबाच्या मनःस्थितीत नसतो.

भीतीची रात्र सगळ्या घरांत साधारण एकसारखीच. आधी ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा, मग सोडा, मग पाठ चोळणं, आणि दोनेक तास असेच गेल्यावर कोणाच्या तरी लक्षात येतं की घाम जरा जास्तच येतोय आणि डावा हात जड झालाय. कॅज्युअल्टीत ईसीजीच्या थंड जेलीचा चिकटपणा, स्पिरिटचा वास, ट्रोपोनिनसाठी (हृदयाला इजा झाली का ते कळण्यासाठी) काढलेलं रक्त, आणि पाच मिनिटांत पुढे येणारे कागद. संमतीपत्र, अंदाजपत्रक, डिपॉझिट. त्यांच्या मध्येच कुठेतरी, रात्री दोन वाजता, काउंटरवरचा मुलगा सहज विचारतो, “रूम कुठली लावू? जनरल, ट्विन शेअरिंग की सिंगल?” मुलगी म्हणते, “सिंगलच द्या, बाबांना झोप लागली पाहिजे.” त्या रात्रीचा हा सगळ्यांत महाग शब्द असतो, आणि तो प्रेमापोटी उच्चारलेला असतो, म्हणून त्याबद्दल पुढे कोणी कोणाला बोलतही नाही.

महाग का, ते सांगतो. बहुतेक खासगी रुग्णालयांत खोलीची श्रेणी बदलली की फक्त खोलीचं भाडं बदलत नाही. डॉक्टरांची फी, कॅथलॅबचे (जिथं अँजिओप्लास्टी होते त्या खोलीचे) दर, डॉक्टरांच्या भेटींचे पैसे, सगळंच एकेक पायरी वर चढतं. डॉक्टर तोच, यंत्र तेच, नळी तीच. आता विमा पाच लाखांचा आहे आणि पॉलिसीत खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये आहे असं धरू. घेतलेली खोली ८,००० ची. घरच्यांचा हिशेब असा असतो की वरचे तीन हजार आपण भरू, तीन दिवसांचे नऊ हजार. पण विमा कंपनी पाचास आठ हे प्रमाण काढते आणि खोलीशी जोडलेल्या बाकीच्या खर्चालाही तेच लावते. ते खर्च १,२०,००० चे असतील तर ७५,००० मंजूर होतात आणि ४५,००० खिशातून जातात. नऊ हजारांचे चोपन्न हजार झाले. शिवाय आयसीयू सोडून दिवसाला ५,००० च्या वरच्या खोलीवर जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी आहे, तो वेगळा.

यात एक बारीक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. विमा नियामकाच्या २०२० च्या नियमांनुसार औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), स्टेंटसारखी (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) आत बसवलेली साधनं आणि तपासण्या यांना हे प्रमाण लावता येत नाही. आयसीयूच्या भाड्यालाही नाही. जिथं रुग्णालय खोलीनुसार दर बदलतच नाही, तिथंही नाही. त्यामुळे मंजुरीच्या पत्रात ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ (म्हणजे प्रमाणात कपात) दिसलं की कात्री कशाकशाला लागली हे मागून घ्यावं. पुष्कळदा ती सरसकट सगळ्या बिलाला लावलेली असते, आणि एका ईमेलनं दुरुस्त होते. आणि सगळ्यात सोपा उपाय त्या रात्रीच करता येतो : विम्याच्या कार्डावर पेननं लिहिलेली खोलीची मर्यादा आणि त्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये. अँजिओप्लास्टीनंतरचा पहिला दिवस तसाही बहुधा आयसीयूतच जातो. उरलेल्या दोन रात्रींसाठी ट्विन शेअरिंगमध्ये शेजारच्या आजोबांचं घोरणं ऐकायला काही हरकत नाही.

कंगव्याकडे परत येऊ. विमा नियामकानं दावा न देण्याच्या आणि इतर खर्चांत गृहीत धरण्याच्या वस्तूंच्या याद्या केल्या आहेत, आणि त्या वाचण्यासारख्या आहेत. पहिल्या यादीत अडुसष्ट गोष्टी, ज्या पॉलिसीत खास घेतल्या नसतील तर मिळत नाहीत. डायपर, क्रेप बँडेज, थर्मामीटर, नातेवाइकांचं जेवण, झेरॉक्स. दुसरी यादी खोलीच्या भाड्यातच समाविष्ट असलेल्या गोष्टींची. तीत कंगवा आहे, टूथपेस्ट आहे, चपला आहेत, अ‍ॅडमिशन किट आहे, फाइल उघडण्याचा आकार, डिस्चार्जच्या प्रक्रियेचा आकार, मनगटावरची नावाची पट्टी, पल्स ऑक्सिमीटर आहे, आणि चक्क ओ-डी-कोलोनही आहे. कुठल्या काळातल्या कुठल्या रुग्णालयात ते शिंपडत असतील, कोण जाणे. तिसरी यादी शस्त्रक्रियेच्या खर्चात धरायच्या वस्तूंची (वस्तरा, कापूस, चिकटपट्टी), चौथी उपचाराच्या खर्चात धरायच्या गोष्टींची (नोंदणीचा आकार, इन्फ्युजन पंप, युरिन बॅग, अल्कोहोलचे बोळे). कागदावरचा अर्थ असा की यांचे वेगळे पैसे नकोत, ते मोठ्या आकड्यात आलेले आहेत. प्रत्यक्षात रुग्णालय ते वेगळे लावतं, विमा कंपनी ते कापते, आणि कापलेली रक्कम ‘नॉन-मेडिकल’ या एका शब्दाखाली रुग्णाकडून घेतली जाते. ही यादी पुढे ठेवून “हे खोलीच्या भाड्यात धरलेलं आहे ना?” एवढं शांतपणे विचारलं तर बिलिंगचा मॅनेजर बऱ्याचदा काही ओळी काढतो. भांडून मात्र काही निघत नाही.

स्टेंटची गोष्ट थोडी बरी आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये किमतीवर मर्यादा आली तेव्हा साध्या धातूचा स्टेंट ७,२६० आणि औषध लावलेला २९,६०० रुपयांवर आला. त्याआधी त्याच वस्तूचे लाखाच्या वर पैसे मोजलेली कुटुंबं आजही ती बातमी ऐकली की गप्प होतात. मर्यादा दरवर्षी घाऊक महागाईप्रमाणे सरकते. एप्रिल २०२५ मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत सुमारे ३८,९३३ रुपये ठरली, कर वेगळा. बिलात स्टेंटची ओळ स्वतंत्र असली पाहिजे, ब्रँडचं नाव आणि बॅच क्रमांकासह. खोक्यावरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेलं असतं, ते डिस्चार्जच्या कागदांबरोबर मागून घ्यावं. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली, दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं, तर आत नेमकं काय बसलंय हे त्या स्टिकरवरूनच कळतं. ब्लॉकेज उघडणारा फुगा, गाइडवायर (बारीक तार), गाइड कॅथेटर (नळी) यांना मात्र तशी मर्यादा नाही. म्हणून एकाच ब्लॉकेजसाठी किती फुगे आणि किती तारा लागल्या, हे बघण्याची जागा तिथं आहे. कठीण, चुना साठलेल्या ब्लॉकेजला तीन फुगे खरोखर लागतात. साध्याला लागले असतील तर कारण विचारायला हरकत नाही, आणि चांगला डॉक्टर त्याचं चित्र काढून उत्तर देतो.

बाकी चुका कंटाळवाण्या असतात आणि म्हणूनच टिकतात. वॉर्डनं मागवलेली आणि न वापरलेली इंजेक्शनं फार्मसीला परत जातात, पण परतीची नोंद बिल छापल्यावर होते. आयसीयूचा दिवस काही ठिकाणी चोवीस तासांचा, काही ठिकाणी मध्यरात्री बदलणारा, त्यामुळे रात्री साडेअकराला आत नेलेल्याचे दोन दिवस लागतात. अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी एकाच वेळी झाली तरी दोन्हींचे पूर्ण आकार लावले जातात, आणि पॅकेजमध्ये मोडणारा मॉनिटर पुन्हा सुटा दिसतो. हे सगळं शेवटच्या दुपारी सापडत नाही, कारण तेव्हा बिल चौदा पानांचं असतं आणि खाली रिक्षा थांबलेली असते. रोज संध्याकाळी त्या दिवसाचं अंतरिम बिल मागायचं, ते दोन पानांचं असतं आणि तो दिवस आठवणीत असतो. तपशीलवार बिल मिळणं हा हक्क आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ मध्ये रुग्णहक्कांची सनद आली, ती आणि मूळ सेवांचे दर रुग्णालयात लावलेले असायला हवेत. असतात कुठेतरी, लिफ्टच्या मागच्या भिंतीवर.

विमाच नसेल, तर गणित वेगळं आणि त्यात वेळेला पैशापेक्षा जास्त किंमत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं आहे, आणि जुलै २०२४ पासून ते पांढऱ्या शिधापत्रिकेच्या घरांनाही आहे. अँजिओप्लास्टी त्यात बसते. पण योजना फक्त तिच्या यादीतल्या रुग्णालयांत चालते, आणि पूर्णपणे कॅशलेस आहे : पैसे भरून नंतर परत मिळत नाहीत. म्हणून दारातून आत गेल्यावर पहिल्यांदा आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनिसाचं) टेबल शोधायचं. तातडीच्या रुग्णाला फोनवर कळवून दाखल करून घ्यायची सोय आहे, शिधापत्रिका आणि आधार नंतर आणता येतं. यादीत कोणतं रुग्णालय आहे हे १५५३८८ वर विचारता येतं, आणि हा प्रश्न छाती दुखण्याच्या आधीच, एखाद्या निवांत रविवारी विचारून ठेवावा.

धर्मादाय रुग्णालयांचंही असंच. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार तिथल्या दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. बाकीच्यांच्या बिलांचे दोन टक्के त्यासाठी बाजूला पडतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १,८०,००० आणि दुर्बलांसाठी ३,६०,००० रुपये. तातडीच्या अशा रुग्णाकडे डिपॉझिट मागता येत नाही. लागतो तो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका, आणि भेटायचं असतं समाजसेवा विभागातल्या माणसाला. ही खोली बहुधा तळघरात किंवा ओपीडीच्या टोकाला असते आणि संध्याकाळी पाचला बंद होते. मुख्यमंत्री सहायता निधीची मदत थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते, सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या संस्थाही अर्जावर वैद्यकीय मदत देतात, पण सगळीकडे रुग्णालयाचं सहीशिक्क्याचं अंदाजपत्रक लागतं. ते दाखल झाल्याच्या दिवशीच मागावं. लोक अर्ज करतात डिस्चार्जनंतर, उसनवारी झाल्यावर, आणि तेव्हा दारं बंद असतात. उसनवारीचंही एक सांगायला हवं. रात्रीत पैसे उभे करताना पतसंस्थेचं वैयक्तिक कर्ज आणि कार्डावरचे हप्ते आधी आठवतात, बँकेतलं सोनेतारण मागाहून. व्याजातला फरक पाहिला तर क्रम उलटा हवा. नोकरदाराला पीएफमधून आजारपणासाठी रक्कम काढता येते. आणि भाऊबंदांनी पिशवीतून आणलेली रोकड दोन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर आयकराच्या नियमांमुळे रुग्णालयाला ती घेता येत नाही, ती आधी कोणाच्या तरी खात्यात भरावी लागते.

मग घर.

घरी आल्यावर पहिले काही दिवस शरीर परकं वाटतं. जिना चढताना मोजून श्वास घेतला जातो. जेवणानंतर पोटात वायू धरला की हात आपोआप छातीकडे जातो. बायको रात्री दोनदा उठून श्वास चालू आहे ना बघते आणि नवरा जागा असूनही झोपल्याचं सोंग करतो. रिपोर्टमधला ‘ईएफ ४०’ (हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता) हा आकडा शंभरापैकी चाळीस मार्कांसारखा वाचला जातो आणि घर हबकतं. निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला आतलं साधारण ५५ ते ७० टक्केच रक्त बाहेर टाकतं. शिवाय झटक्यानंतर हृदयाचा काही भाग मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो, म्हणून दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) काढतात आणि पुष्कळांचा आकडा वर सरकलेला असतो. उदास वाटणं, उगाच रडू येणं, चिडचिड हे या काळात फार जणांना होतं. पुरुषमाणसं ते ‘अशक्तपणा’ म्हणून सांगतात. डॉक्टरांना त्याचं खरं नाव सांगितलं तर त्यावरही उपाय आहेत.

चालणं सुरू होतं घरातल्या घरात, पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, सपाट जमिनीवर, जेवल्यावर लगेच नाही. दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत महिन्याभरात सलग अर्ध्या तासापर्यंत. वेगाची कसोटी सोपी आहे : चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. मनगटातून नळी गेली असेल तर आठवडाभर त्या हातानं पाण्याची बादली उचलायची नाही. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी खिशात असावी, आणि ती उभ्याउभ्या घ्यायची नसते, रक्तदाब एकदम उतरून माणूस पडतो. बसून घ्यायची, आणि पाच मिनिटांत दुखणं कमी झालं नाही तर गाडी बोलवायची. लैंगिक क्षमतेच्या गोळ्या घेणाऱ्यानं ते डॉक्टरांपासून लपवू नये, कारण या दोन गोळ्या एकत्र जिवावर बेततात. मिठाचं म्हणाल तर वरणात चिमूट कमी टाकून फारसं साधत नाही. ते लोणच्यात, पापडात, शेवेत आणि फरसाणात बसलेलं असतं.

आणि इथंच बिलाची सावली पुन्हा पडते. अडीच-तीन लाख गेलेले असतात, हप्ते सुरू असतात, आणि घरात काटकसरीचा विषय निघतो. खर्च कमी करता येण्यासारखा उरलेला असतो एकच, दर महिन्याची औषधं. रुग्णाला बरं वाटत असतं, भेटायला आलेले मामा सांगतात की इतक्या गोळ्यांनी किडनी जाते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एक पाकीट आणायचं राहून जातं. नेमकं तेच सगळ्यांत धोक्याचं असतं. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीतली उघडी धातूची जाळी. तिच्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढायला महिने लागतात, तोवर रक्त तिला परकं समजून गोठू पाहतं. म्हणून झटक्यानंतर अ‍ॅस्पिरिन ७५ बरोबर दुसरी गोळी, क्लोपिडोग्रेल ७५ रोज एकदा किंवा टिकाग्रेलर ९० दिवसातून दोनदा, साधारण वर्षभर चालते. मध्येच थांबवली तर स्टेंट एकाएकी गुठळीनं बंद होऊ शकतो, आणि तो झटका पहिल्यापेक्षा वाईट असतो. तीन लाख घालून बसवलेली जाळी उघडी राहते ती या गोळ्यांवर.

पैसे वाचवायचेच तर गोळी न सोडता वाचतात. टिकाग्रेलरचं पेटंट २०१९ मध्ये संपलं, तेव्हापासून त्याच औषधाचे कितीतरी स्वस्त ब्रँड आहेत. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागायचं आणि जनऔषधी केंद्रात किंमत विचारायची, अ‍ॅटोरवास्टॅटिन, मेटोप्रोलॉल, क्लोपिडोग्रेल सगळं तिथं असतं. फक्त मिलिग्रॅम जुळवून घ्यायचे. एकत्रित कॅप्सूल मिळते तेव्हा आत काय काय आहे ते वाचावं, नाहीतर तीत अ‍ॅस्पिरिन असताना जुनी इकोस्प्रिनही (तिच्यातलं औषध तेच) चालूच राहते. टिकाग्रेलरनं काहींना धाप लागल्यासारखं होतं. ती बहुधा हृदयाची नसते, औषधाची असते, पण घाबरून लोक गोळीच बंद करतात. बंद न करता डॉक्टरांना सांगितलं तर ते दुसरी देतात. गॅससाठी केमिस्टकडून स्वतःच ओमेप्राझोल आणू नये, क्लोपिडोग्रेलचा परिणाम त्यानं कमी होतो. पॅन्टोप्राझोल लिहिलेलं असतं ते त्यासाठीच. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकही नको. आणि दातांचे डॉक्टर “रक्त पातळ करायची गोळी चार दिवस थांबवा” म्हणाले तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन.

आता शेवटी एक हिशेब, जो बहुतेक घरांत राहूनच जातो. कॅशलेस मंजूर झालं की विम्याचं काम संपलं असं वाटतं. बऱ्याच पॉलिसींमध्ये दाखल होण्याआधीचे तीस दिवस आणि डिस्चार्जनंतरचे साठ दिवस यांतला याच आजाराचा खर्चही मिळतो. म्हणजे पहिल्या डॉक्टरांकडचा ईसीजी, ट्रोपोनिन, तपासणीची फी, पुन्हा काढलेला इको, आणि हीच सगळी औषधं, ज्यांच्यात काटकसर चाललेली असते. त्यासाठी केमिस्टकडून ‘कॅश’ नावाचं बिल घ्यायचं नाही, रुग्णाच्या पूर्ण नावाचं घ्यायचं. बिलातलं प्रत्येक औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असायला हवं, आणि चिठ्ठीची तारीख बिलाच्या आधीची हवी. डिस्चार्ज समरीची प्रत, तपासण्यांचे रिपोर्ट, रद्द केलेला चेक जोडायचा, सगळ्याची झेरॉक्स घरी ठेवून मूळ कागद पाठवायचे. साठ दिवस संपल्यावर बहुधा पंधरा दिवसांची मुदत असते, ती पॉलिसीत बघून कॅलेंडरवर खूण करायची. नाकारलं तर कारण लेखी मागायचं, कंपनीकडे तक्रार करायची, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर मुंबई किंवा पुण्याच्या विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत अर्ज करायचा. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही.